चूक नोंदीतली की कपातीतली?

वाचक लिहितात: 'ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे न्यूजर्सीतील प्लेन्सबरो येथे भाड्याच्या घरात राहतो. अजून मूलबाळ नाही. माझी नोकरी मॅनहॅटनमध्ये आहे आणि आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते. ह्यांची नोकरी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फिया शहराच्या बाहेर आहे. २०२४ चे रिटर्न यंदा पहिल्यांदाच सॉफ्टवेअर घेऊन घरी भरायला बसलो. माझ्या डब्ल्यू-२ चा, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या वार्षिक वेतन-कपात पत्रकाचा, फोटो सॉफ्टवेअरला दिला, तेव्हा न्यूयॉर्कने कापलेले ५,१०० डॉलर न्यूजर्सीच्या ओळीत जाऊन बसले आणि न्यूयॉर्कला जवळजवळ पाच हजार देणे दिसू लागले. म्हणून मी न्यूयॉर्कच्या ओळीतही ५,१०० लिहिले. आता दोन्ही राज्यांकडून रिफंड दिसतो आहे, पण आनंद होण्याऐवजी भीतीच वाटते. शिवाय राज्यांच्या वेतनाची बेरीज फेडरल (केंद्रीय) वेतनापेक्षा जास्त होते, असा लाल इशारा जातच नाही. तो घालवण्यासाठी वेतन दोन राज्यांत अर्धे-अर्धे वाटू का? ह्यांच्या डब्ल्यू-२ वर पेनसिल्व्हेनियाचे २,३३३ डॉलर कापलेले आहेत आणि न्यूजर्सीचे काहीच नाही. न्यूजर्सीत राहणाऱ्यांच्या पगारावर पेनसिल्व्हेनियाचा कर लागतच नाही, असे मैत्रीण सांगते. ह्यांच्या कंपनीचे पेरोल, म्हणजे पगार खाते, म्हणते की वर्ष संपले, आता आमच्या हातात काही नाही. त्यांच्याकडून नवा डब्ल्यू-२ मागवू, की सॉफ्टवेअरमध्येच ते २,३३३ न्यूजर्सीच्या नावावर टाकू? अजून काहीही पाठवलेले नाही.'

सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेले 'अजून काहीही पाठवलेले नाही' हे वाक्य वाचून मला सर्वांत जास्त बरे वाटले, कारण तुमच्या तिन्ही अडचणी रिटर्न पाठवण्यापूर्वी एका संध्याकाळी निस्तरता येतात. पाठवल्यानंतर त्याच अडचणींना काही महिने आणि दोन-तीन राज्यांचा पत्रव्यवहार लागतो. दोन्हीकडून रिफंड दिसल्यावर तुम्हाला भीती वाटली, ती अगदी योग्य होती. ज्या आकड्याने पाकिटातून एकदाच पैसे गेले, तो आकडा दोन राज्यांकडे जमा दिसत असेल, तर त्यातली एक जमा खोटी असते, हे तुमच्या मनाने सॉफ्टवेअरच्या आधी ओळखले.

सॉफ्टवेअरमधल्या कोणत्याही आकड्याला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: चूक नोंदीत झाली आहे की कपातीत? पैसे एका राज्याला गेले आणि कागदावर किंवा पडद्यावर दुसऱ्याच राज्याचे नाव लागले, तर ती नोंदीतली चूक होय, आणि ती जिथे झाली तिथे दुरुस्त करायची असते. पैसेच चुकीच्या राज्याला गेले आणि कागद ते प्रामाणिकपणे सांगतो आहे, तर ती कपातीतली चूक होय; तिथे कागद बदलायचा नसतो, तर ज्या राज्याकडे पैसे गेले त्या राज्याकडून ते मागून घ्यायचे असतात. तुमच्या डब्ल्यू-२ चे दुखणे पहिल्या प्रकारचे आहे आणि तुमच्या यजमानांच्या डब्ल्यू-२ चे दुसऱ्या प्रकारचे. दोन्हींना एकच औषध देऊ पाहिल्यामुळे गोंधळ वाढला आहे.

हा फरक ठरवायचा कसा? डिसेंबरमधली शेवटची पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, काढा. तिच्यावर वर्षभराच्या एकूण कपातीचा रकाना असतो आणि त्यात प्रत्येक राज्याची कपात वेगळी दाखवलेली असते. भारतात आपण फॉर्म १६ आणि २६एएस शेजारी ठेवून टीडीएस जुळवतो, तसेच इथे डब्ल्यू-२ आणि शेवटची पे-स्टब शेजारी ठेवावी. पे-स्टबवर न्यूयॉर्कचे ५,१०० असतील, कागदी डब्ल्यू-२ च्या बॉक्स १५ मध्ये न्यूयॉर्कचे संक्षिप्त नाव आणि त्याच ओळीत बॉक्स १७ मध्ये ५,१०० असतील, तर तुमचा डब्ल्यू-२ बरोबर आहे आणि चूक फक्त फोटो वाचताना झाली आहे. बॉक्स १५ ते १७ मध्ये दोन राज्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात; फोटोवरून किंवा पीडीएफवरून माहिती उचलताना राज्याचे नाव एका ओळीचे आणि रक्कम दुसऱ्या ओळीची घेतली जाणे ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. म्हणून फोटो कितीही स्वच्छ आला असला, तरी बॉक्स १५ ते २० कागदासमोर बोट ठेवून एकदा वाचावेत.

तेव्हा सॉफ्टवेअरच्या फेडरल भागातल्या तुमच्या डब्ल्यू-२ च्या पानावर परत जा. राज्याच्या रिटर्नमध्ये जाऊन आकडा बदलू नका, आणि थेट फॉर्म उघडून त्यावर 'ओव्हरराइड', म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकड्यावर आपला आकडा लादणे, तर मुळीच करू नका. राज्यांच्या रिटर्नमध्ये दिसणारी कपात ही या एका पानावरून वाहत आलेली असते. ती खाली बदलली की वरचा आकडा आणि खालचा आकडा यांची फारकत होते, आणि पुष्कळ सॉफ्टवेअर ओव्हरराइड केलेले रिटर्न ई-फाइल करू देत नाहीत. डब्ल्यू-२ च्या पानावर न्यूजर्सीच्या ओळीतला बॉक्स १७ कागदावर जसा आहे तसा, म्हणजे रिकामा असेल तर रिकामा ठेवा, आणि न्यूयॉर्कच्या ओळीत ५,१०० राहू द्या. ओळी फारच विस्कटल्या असतील, तर तो डब्ल्यू-२ सॉफ्टवेअरमधून पूर्ण काढून टाकून हाताने पुन्हा भरणे अधिक सुरक्षित, कारण अर्धवट दुरुस्त केलेल्या नोंदीत जुना आकडा कुठेतरी चिकटून राहतो.

ओघात आणखी एक सांगते. काही कंपन्या दुसऱ्या राज्याची माहिती डब्ल्यू-२ च्या वेगळ्या, दुसऱ्या कागदावर छापून देतात. तो नवा डब्ल्यू-२ समजून वेगळा भरला, तर बॉक्स १ चे वेतन आणि बॉक्स २ चा फेडरल कर दोनदा धरला जातो, आणि मग चूक राज्यापुरती राहत नाही. तसा कागद असेल, तर त्यावरची ओळ मूळ डब्ल्यू-२ मध्येच 'आणखी एक राज्य' म्हणून जोडावी. बॉक्स १४ मधल्या न्यूयॉर्कच्या अपंगत्व विम्याच्या आणि कौटुंबिक रजेच्या वर्गणीची रक्कमही बॉक्स १७ मध्ये मिळवू नये. त्यातली अपंगत्व विम्याची वर्गणी वर्षाला जास्तीत जास्त ३१.२० डॉलर असते, त्यामुळे ती मिळवल्याने फारसे काही बिघडणार नाही असे वाटते. पण त्या तीस डॉलरमुळे बॉक्स १७ चा आकडा कंपनीने राज्याला कळवलेल्या आकड्याशी जुळेनासा होतो, आणि जुळवणी फसली की रक्कम लहान असली तरी पत्र येऊ शकते.

आता लाल इशाऱ्याविषयी. तुमच्या डब्ल्यू-२ वर बॉक्स १ मध्ये ९६,०००, न्यूयॉर्कच्या बॉक्स १६ मध्ये, म्हणजे राज्याच्या वेतनाच्या रकान्यात, ९६,००० आणि न्यूजर्सीच्या बॉक्स १६ मध्ये ९८,४०० आहेत, असे तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. तुम्ही न्यूयॉर्कमध्ये किती दिवस काम केले याचा विचार न करता, फेडरल वेतनाइतकीच रक्कम बॉक्स १६ मध्ये दाखवावी, असा न्यूयॉर्क राज्याचा कंपन्यांना नियमच आहे. त्यातले खरोखर न्यूयॉर्कचे किती, हे राज्याबाहेरच्या रहिवाशाने आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचे असते. न्यूजर्सीचा आकडा मोठा असण्याचे कारण असे की, आरोग्य विम्याचा हप्ता किंवा प्रवासभत्ता यांसारख्या, फेडरल करातून सूट मिळालेल्या काही रकमा न्यूजर्सी वेतनात धरते. तुमच्या बाबतीत त्या २,४०० डॉलरच्या आहेत. दोन्ही राज्यांची बेरीज १,९४,४०० होते आणि सॉफ्टवेअर ती ९६,००० शी ताडून पाहून इशारा देते. त्याने शंका विचारली आहे, निवाडा दिलेला नाही. 'डब्ल्यू-२ शी पडताळून पाहिले' अशा अर्थाचा पर्याय निवडून पुढे जा.

वेतन अर्धे-अर्धे वाटण्याचा मोह मात्र कृपा करून आवरा. मी हे जरा कडक शब्दांत लिहिते आहे, कारण बऱ्याच जणांनी हा सल्ला एकमेकांना दिलेला मी ऐकला आहे. इशारा जातो हे खरे; पण न्यूजर्सीची रहिवासी म्हणून तुमचे सगळे उत्पन्न न्यूजर्सीत करपात्र आहे, ते अर्धे नाही, आणि न्यूयॉर्कमध्येही अर्धे दाखवायला तुमच्याकडे कारण नाही. घरून काम केलेले दोन दिवस न्यूजर्सीचे असे तुम्हाला वाटेल, पण कंपनीची गरज नसताना केवळ तुमच्या सोयीसाठी घरून केलेले काम न्यूयॉर्क आपल्याच राज्यातले काम मानते. कंपनीने तुमचे घर हेच कामाचे ठिकाण ठरवून दिले असेल आणि तसा लेखी पुरावा असेल, तर विषय वेगळा होतो; पण तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. म्हणून आयटी-२०३ या रिटर्नमध्ये, म्हणजे राज्याबाहेर राहणाऱ्यांच्या न्यूयॉर्क रिटर्नमध्ये, तुमचे सगळे ९६,००० न्यूयॉर्कचे उत्पन्न म्हणून येतील. न्यूयॉर्क शहराचा आयकर मात्र तुम्हाला लागत नाही. बाहेरून कामाला येणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ साली रद्द झाला. बॉक्स १९ मध्ये शहराची कपात दिसली, तर ती कपातीतली चूक समजा आणि त्याच आयटी-२०३ वर परत मागा.

आता जिथे सर्वांत जास्त पैसे चुकतात, त्या जागेकडे येते. एकाच पगारावर दोन राज्यांनी कर घेऊ नये म्हणून न्यूजर्सी आपल्या रहिवाशांना दुसऱ्या राज्याला दिलेल्या कराची सवलत देते, आणि ती एनजे-१०४० या न्यूजर्सीच्या रिटर्नसोबतच्या सीओजे या परिशिष्टात मोजली जाते. तिथे 'न्यूयॉर्कला दिलेला कर' विचारला की हात आपोआप ५,१०० कडे जातो, कारण तेवढे पैसे पगारातून गेलेले आपण पाहिलेले असतात. पण कापलेली रक्कम म्हणजे कर नव्हे. ती कराची आगाऊ जमा आहे. खरा कर आयटी-२०३ चा हिशेब पूर्ण झाल्यावरच कळतो. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी फेडरल, मग न्यूयॉर्क, आणि सर्वांत शेवटी न्यूजर्सी. न्यूजर्सी आधी उघडली असेल, तर न्यूयॉर्कची दुरुस्ती झाल्यावर ती पुन्हा पहिल्या पानापासून चालवून घ्या, नाहीतर सवलतीच्या रकान्यात जुनाच आकडा बसून राहतो.

तुमच्या आकड्यांवर ढोबळ हिशेब करून दाखवते, म्हणजे सॉफ्टवेअर शेवटी काय दाखवेल याचा तुम्हाला अंदाज येईल. यजमानांच्या बॉक्स १ चे ७२,००० धरून तुम्हा दोघांचे उत्पन्न १,६८,००० होते. दुसरे उत्पन्न नाही आणि न्यूयॉर्कची १६,०५० ची प्रमाणित वजावट घेतली, असे धरू. न्यूयॉर्क आधी सगळ्या उत्पन्नावर कर मोजते; या पातळीवर तो उरलेल्या १,५१,९५० वर साडेपाच टक्क्यांनी ८,३५७ येतो. मग १,६८,००० पैकी ९६,००० न्यूयॉर्कचे, म्हणून त्या कराचा ५७.१४ टक्के हिस्सा, म्हणजे सुमारे ४,७७५ डॉलर, हा तुमचा न्यूयॉर्कचा कर. कापले होते ५,१००, तेव्हा सुमारे ३२५ परत मिळायचे. तुम्ही न्यूयॉर्कमध्ये कमावले नाही ते यजमानांचे उत्पन्नही या हिशेबात का आले, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ते दर ठरवण्यापुरते येते आणि टक्केवारीने पुन्हा बाहेर जाते.

न्यूजर्सीत तुमचे ९८,४०० आणि यजमानांचे ७२,००० मिळून १,७०,४०० होतात. दोघांची २,००० ची सूट वजा करून १,६८,४०० वर कर येतो ६,६८५ च्या आसपास. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना भाड्याच्या १८ टक्के रक्कम मालमत्ता कर म्हणून धरता येते. ती मी इथे घेतलेली नाही, तुम्ही जरूर घ्या. आता सवलत. न्यूजर्सी म्हणते की, तुमच्या एकूण उत्पन्नाचा जो भाग दोन्ही राज्यांत करपात्र आहे, तेवढ्याच भागावरचा आमचा कर आम्ही सोडू. १,७०,४०० पैकी ९६,००० या प्रमाणात तो भाग ३,७६६ येतो. न्यूयॉर्कचा खरा कर ४,७७५ आणि ही मर्यादा ३,७६६. दोहोंतली लहान रक्कम मिळते. म्हणजे न्यूजर्सीला सुमारे २,९१९ देणे उरते. न्यूयॉर्कचा कर न्यूजर्सीपेक्षा जड असल्यामुळे वरचे हजार डॉलर कुठूनच परत मिळत नाहीत, हे मला कळते आणि ते टोचते. पण सीओजेच्या रकान्यात ५,१०० लिहून ते भरून निघत नाही. नीट चालणारे सॉफ्टवेअर लहान रक्कम आपोआप घेते. तुम्ही फक्त त्याला खरा कर द्यायचा.

हे २,९१९ पाहून घाबरू नका, कारण यातला मोठा वाटा तुमच्या यजमानांच्या पगारावरचा आहे आणि तेवढेच पैसे सध्या दुसरीकडे अडकून पडले आहेत.

तुमच्या मैत्रिणीने सांगितले ते खरे आहे. न्यूजर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात परस्पर करार आहे, त्यानुसार एका राज्यात राहून दुसऱ्यात नोकरी करणाऱ्याच्या पगारावर राहत्या राज्याचाच आयकर लागतो. २०१६ मध्ये हा करार संपवण्याची घोषणा न्यूजर्सीने केली होती आणि त्याच वर्षी ती मागेही घेतली, त्यामुळे करार संपला अशी अफवा अजूनही कानावर येते. करार चालू आहे. तेव्हा पेनसिल्व्हेनियाने यजमानांच्या पगारातून काहीही कापायला नको होते. त्यांच्या बॉक्स १६ मध्ये ७६,००० आहेत, कारण पेनसिल्व्हेनिया ४०१(के) या निवृत्ती-बचत योजनेत टाकलेले ४,००० वेतनात धरते, आणि त्यावर ३.०७ टक्क्यांनी नेमके २,३३३ होतात. म्हणजे कंपनीने ही रक्कम खरोखरच कापली आणि भरली. डब्ल्यू-२ खरे बोलतो आहे. म्हणून पेरोलकडे दुरुस्त डब्ल्यू-२, ज्याला डब्ल्यू-२सी म्हणतात, तो मागून उपयोग नाही; घडले ते त्यांनी बरोबरच छापले आहे. पुढच्या वर्षाच्या बाबतीत ते पुष्कळ काही करू शकतात, ते शेवटी सांगते, पण गेल्या वर्षाचे पैसे आता त्यांच्याकडे नाहीत, एवढ्यापुरते त्यांचे उत्तर योग्य आहे.

आणि म्हणूनच ते २,३३३ सॉफ्टवेअरमध्ये न्यूजर्सीच्या नावावर टाकणे हा यातला सर्वांत वाईट मार्ग आहे. न्यूजर्सीच्या तिजोरीत हे पैसे कधीच आलेले नाहीत. कंपन्यांनी कळवलेल्या नोंदींत न्यूजर्सीला ती जमा सापडणार नाही, ती नाकारली जाईल, वर व्याज लागेल, आणि तिकडे पेनसिल्व्हेनियाकडे तुमचे खरे पैसे कोणी न मागता पडून राहतील. त्याऐवजी यजमानांनी पेनसिल्व्हेनियाचे पीए-४० हे रिटर्न राज्याबाहेरचे रहिवासी म्हणून भरावे. ते त्यांना एकट्यालाही भरता येते. त्यात वेतनाच्या १अ या ओळीत शून्य आणि कपातीच्या १३ व्या ओळीत २,३३३ यायला हवेत. सोबत डब्ल्यू-२ ची प्रत, आपण करारातल्या राज्याचे रहिवासी आहोत असे सांगणारे साधे निवेदन आणि सही केलेल्या न्यूजर्सी रिटर्नची प्रत जोडावी. वेतन शून्य आणि कपात मात्र भरलेली, हे पाहून सॉफ्टवेअर पुन्हा इशारा देईल. तो घालवण्यासाठी डब्ल्यू-२ च्या पानावरचे ७६,००० पुसू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या भागात 'तुम्ही परस्पर करार असलेल्या राज्याचे रहिवासी आहात का' असा प्रश्न असतो; तिथे न्यूजर्सी निवडली की १अ मध्ये शून्य येते आणि कपात जागच्या जागी राहते.

इथे दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून पाहाव्या लागतात. पहिली अशी की, पेनसिल्व्हेनियाचे रिटर्न तयार झालेले पाहून काही सॉफ्टवेअर न्यूजर्सीच्या सीओजेमध्ये पेनसिल्व्हेनियासाठीही एक प्रत उघडते आणि सवलत देऊ पाहते. करारामुळे पगारावरच्या पेनसिल्व्हेनियाच्या आयकराची सवलत न्यूजर्सी देत नाही, तेव्हा ती प्रत काढून टाका. नाहीतर २,३३३ एकदा पेनसिल्व्हेनियाकडून रिफंड म्हणून आणि एकदा न्यूजर्सीकडून सवलत म्हणून, असे दोनदा मागितले जातील, म्हणजे पुन्हा तुमच्या ५,१०० चीच गोष्ट. दुसरी अशी की, यजमानांच्या डब्ल्यू-२ वर न्यूजर्सीची ओळच नसल्यामुळे त्यांचे वेतन न्यूजर्सीच्या रिटर्नमध्ये शून्य म्हणून, किंवा पेनसिल्व्हेनियाचेच ७६,००० म्हणून येऊ शकते. न्यूजर्सी ४०१(के) ची रक्कम वेतनात धरत नाही, म्हणून तिथे ७२,००० यायला हवेत. ते आणण्यासाठी डब्ल्यू-२ वर नसलेली न्यूजर्सीची ओळ आणि कंपनीचा न्यूजर्सीचा क्रमांक कल्पनेने तयार करू नका; न्यूजर्सीच्या भागात वेतन तपासून बदलण्याचे पान असते, तिथे आकडा दुरुस्त करा.

यजमानांचे बॉक्स १८ ते २० रिकामे आहेत असे तुम्ही कळवले आहे, त्यामुळे स्थानिक कराचा प्रश्न तुमच्यापुरता येत नाही. पण फिलाडेल्फिया शहरातच नोकरी करणाऱ्या वाचकांसाठी एवढे नोंदवते की, हा करार राज्याच्या आयकरापुरता आहे; शहराचा वेतन कर बाहेरच्यांनाही लागतो, तो रिफंडमध्ये मागता येत नाही, आणि त्याची सवलत मात्र न्यूजर्सीच्या सीओजेमध्ये मिळते. सॉफ्टवेअरमध्ये ही दोन प्रकरणे एकाच पानावर येत असल्यामुळे पेनसिल्व्हेनियाची प्रत काढताना फिलाडेल्फियाची प्रत चुकून काढली जाते.

सगळे जागेवर आल्यावर तुमच्या पडद्यावर साधारण असे चित्र दिसले पाहिजे: न्यूयॉर्ककडून ३२५ येणे, पेनसिल्व्हेनियाकडून २,३३३ येणे, न्यूजर्सीला २,९१९ देणे. तिघांची वजाबाकी केली तर खिशातून जाणारे २६१ डॉलर उरतात, आणि भाड्याची वजावट घेतल्यावर तेही कमी होतील. अडचण फक्त वेळेची आहे. न्यूजर्सीचे पैसे १५ एप्रिलपर्यंत भरावे लागतील आणि पेनसिल्व्हेनियाचा रिफंड कागदपत्रे तपासून नंतर येईल, तेव्हा मधल्या काळासाठी तेवढी रक्कम बाजूला ठेवा. वर्षभर न्यूजर्सीची कपात झाली नाही आणि देणे ४०० डॉलरच्या वर आहे, म्हणून एनजे-२२१० या फॉर्मवर थोडे व्याजही निघू शकते. तो फॉर्म सॉफ्टवेअरने काढला तर तो चुकून आलेला नाही, भरून टाका.

ज्या वाचकांच्या पे-स्टबवर एक आकडा आणि डब्ल्यू-२ वर दुसराच आकडा आहे, त्यांची वाट निराळी आहे. त्यांच्या बाबतीत कागदच चुकला आहे, म्हणून कंपनीकडे लेखी डब्ल्यू-२सी मागावा आणि तो हाती येईपर्यंत शक्यतो थांबावे. फेब्रुवारी संपेपर्यंत कंपनीने दाद दिली नाही, तर आयआरएसला, म्हणजे केंद्रीय कर खात्याला, कळवता येते आणि अगदी नाइलाजाने पे-स्टबच्या आधारे डब्ल्यू-२ च्या जागी फॉर्म ४८५२ भरता येतो. रिटर्न आधीच गेले असेल, तर तेच मूळ रिटर्न दुसऱ्यांदा पाठवू नये. न्यूयॉर्कसाठी आयटी-२०३-एक्स आणि न्यूजर्सीसाठी एनजे-१०४०एक्स ही सुधारित रिटर्ने असतात, आणि रिफंड मागायला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते. एका राज्याचे रिटर्न सुधारले की सवलतीमुळे दुसऱ्याचेही सुधारावे लागते, हे अशा वेळी हमखास विसरले जाते.

आता पेरोलकडून खरोखर घ्यायचे ते काम. यजमानांनी आजच त्यांना आरईव्ही-४१९ हा पेनसिल्व्हेनियाचा फॉर्म भरून द्यावा. आपण न्यूजर्सीचे रहिवासी असल्यामुळे इथला कर कापू नये, असे तो फॉर्म सांगतो. त्याच वेळी एनजे-डब्ल्यू४ देऊन न्यूजर्सीचा कर कापण्याची विनंती करावी. कंपनी न्यूजर्सीत नोंदलेली नसेल आणि तिने नकार दिला, तर वाद घालत बसू नका. न्यूजर्सीला एनजे-१०४०-ईएस वर दर तिमाहीला आपणच भरणा करता येतो. चालू वर्षाचा पहिला हप्ता १५ एप्रिललाच येतो, मग १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. पुढच्या महिन्याची पे-स्टब आली की तिच्यावर पेनसिल्व्हेनियाची ओळ थांबली आहे ना, एवढे दोघांनी मिळून पाहा. थांबली नसेल, तर त्याच आठवड्यात पेरोलला पुन्हा लिहा, कारण वर्ष चालू असेपर्यंत ही चूक दुरुस्त करणे त्यांच्या हातात असते.